संत्रं की पाकिटातलं पेय? तुलना करायची ती अशी

मध्यम आकाराचं नागपुरी संत्रं काट्यावर ठेवलं तर साधारण दीडशे ग्रॅम भरतं. ते सोलून, बिया काढून पुन्हा तोला. आता 110 ग्रॅमच्या आसपास उरेल, आणि हिशोब याच वजनावर करायचा. सालीसकट केला तर सगळेच आकडे फुगतात. 100 ग्रॅम गरात साखर 10 ग्रॅमच्या जवळपास, चोथा पावणेदोन-दोन ग्रॅम आणि क जीवनसत्त्व 25-30 मिलिग्रॅम धरा.

आता पाकीट. दर्शनी बाजूच्या रसरशीत फोडी विसरा आणि पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते यादीत आधी. बहुतेक वेळा पाणी पहिलं आणि साखर दुसरी दिसेल. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे फळांच्या पेयात किमान 10 टक्के रस लागतो, लिंबाच्या पेयात 5 टक्केच. 200 मिलीच्या पाकिटात 10 टक्के म्हणजे 20 मिली, चहाचे चार चमचे रस!

साखरेचा आकडा बहुधा 100 मिलीमागे छापलेला असतो. तो 12 असेल तर 200 मिलीत 24 ग्रॅम झाली. एका चमच्यात 4 ग्रॅम धरून तेवढी साखर बशीत काढून बघा. सहा चमचे होतात. मुलांनाही दाखवा, आकड्यापेक्षा ती बशी लवकर पटते.

क जीवनसत्त्वाच्या रकान्यात मात्र पाकीट कधीकधी जिंकतं, आणि इथेच बरेचजण फसतात. यादीत ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ (क जीवनसत्त्वाचंच रासायनिक नाव) किंवा त्याचा क्रमांक ‘300’ दिसला तर ते वरून घातलेलं आहे. फळातला चोथा, पोटॅशियम, फोलेट त्याने भरून निघत नाही.

घरच्या रसालाही सूट देऊ नका. 200 मिली रसाला तीन-चार संत्री लागतात. साखर 20 ग्रॅमच्या घरात जाते आणि चोथा बराचसा गाळणीत राहतो. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेसारखीच, ‘मुक्त साखर’ म्हणून मोजते. म्हणून पाकिटाची तुलना रसाच्या पेल्याशी करा, अख्ख्या फळाशी वेगळी. डब्यात फोडीच द्या, वरच्या पांढऱ्या शिरांसकट.

‘100 टक्के रस’ वाचूनही थांबू नका. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरून हा दावा काढून टाकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये सांगितलं.

पाकीट खरोखर कामाला येतं ते मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली तर. शुद्धीवर असलेल्या माणसाला तेव्हा 15 ग्रॅम साखर लगेच द्यायची असते. 12 ग्रॅमवालं पेय सव्वाशे मिली पुरतं. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. बिनसाखरेचं पेय यासाठी चालत नाही, तेव्हा घरात ठेवतानाच यादी वाचून ठेवा.