नक्षीदार साच्यातला घरचा साबण: विसर्जनानंतर ओता, दिवाळीला वापरा

अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी हा दीड महिना घरच्या साबणासाठी अगदी नेमका. साबण मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे विसर्जन उरकल्यावर ओतलेली वडी पहिल्या आंघोळीला तयार असते. बेळगाव-खानापुराकडच्या ऐन पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये. ओल्या हवेत वड्या वाळता वाळत नाहीत.

सिलिकॉनचा साचा कमळ, कुयरी, मोर असा घ्या. देवाची मूर्ती साबणात नको, ती अंगाला घासून झिजवणं मनाला पटत नाही.

साधारण ८ वड्यांसाठी खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगतेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम, पाणी १४० ग्रॅम आणि एक चमचा मीठ घ्या. खोबरेल मुद्दाम जास्त ठेवलं आहे, कारण मऊ साबणाची नक्षी साच्यातच तुटते. मिठानेही वडी घट्ट होते. सगळं, पाणीसुद्धा, डिजिटल काट्यावर तोला. तेल मनाने बदलू नका: १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच शेंगतेलाला १३.६ च्या आसपास. अंदाज चुकला तर साबण कातडी जाळतो. वरच्या मापात थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं, त्यामुळे अंग कोरडं पडत नाही. कॉस्टिक शुद्ध हवं, मोरी साफ करायची पावडर चालणार नाही.

आता सर्वात जपून करायचं काम. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. खिडक्या उघडा, पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा. भांडं स्टीलचंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. आधी पाण्यात मीठ विरघळवा, मग त्या पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप कडक तापेल, वाफ नाकात जाऊ देऊ नका. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा.

तेलं एकत्र कोमट करा. दोन्ही मिश्रणं ४० ते ४५ अंशांवर आली की कॉस्टिकचं पाणी तेलात सोडा आणि हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा. ताकाची कढी पळीला धरेल इतपत दाट झालं की थांबायचं. साध्या चौकोनी वडीला जास्त दाट चालतं, पण बारीक नक्षीत दाट मिश्रण शिरतच नाही आणि पाकळीच्या टोकाशी हवा अडकते. वासासाठी गवती चहाचं तेल ८ ग्रॅम पुरे. लवंग, दालचिनी आणि बऱ्याच फुलांच्या अत्तरांनी मिश्रण झटकन आळतं, म्हणून नक्षीच्या साच्याला ती टाळलेलीच बरी.

साच्याला तेल लावू नका, रेघा बुजतात. मऊ कुंचल्याने थोडं मिश्रण आधी खोबणींत चोपडा, मग बाकीचं बारीक धारेने ओता. साचा ताटावर ठेवूनच भरा, आणि ते ताट ओट्यावर हलकेच आपटत राहा म्हणजे बुडबुडे वर येतील. छोटे साचे लवकर थंड होतात आणि साबण मऊच राहतो. म्हणून वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून त्यावर जुनी वाकळ पांघरा.

२ दिवस हात लावू नका. मग हातमोजे घालून कडा सोडवून बघा. वडी चिकटत असेल तर साचा ३-४ तास फ्रिजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्या काढल्या साच्याची कड मागे दुमडून तळाकडून अंगठ्याने ढकला. वडीला धरून ओढायचं नाही. बाहेर आल्यावर तिला घाम सुटेल. तो आपोआप वाळू द्या, पुसलात तर नक्षी फिसकटते.

वड्या एकमेकींना न चिकटता, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा ठिकाणी, जाळीवर मांडा आणि आठवड्याने उलटवा. मुरल्यावर साध्या कागदात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या साबणाला ओल धरते.