प्रभागातल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न उमेदवारापुढे आकड्यांनिशी कसा मांडावा

महापालिकेच्या निवडणुकीत भटक्या कुत्र्यांचा विषय उमेदवार सहसा टाळतात. एक सोसायटी कुत्र्यांना खाऊ घालते, समोरची रोज तक्रार करते. दोन्हीकडे मतं असतात. लोकांचं नेमकं म्हणणं मोजून हाती दिलं, तर टाळणं अवघड जातं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा कौल कामाचा नाही, तिथे एकाच मताची माणसं जमलेली असतात. प्रभागाची मतदार यादी घ्या. 8,000 नावं असतील तर दर विसावं नाव निवडा, म्हणजे 400 जण होतात. 400 उत्तरांत साधारण 5 टक्के इकडेतिकडे होतं, 100 उत्तरांत 10 टक्के. दार बंद असेल तर संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जा. शेजाऱ्याला विचारून रकाना भरू नका. नाहीतर दिवसभर घरी असणाऱ्यांचंच मत जमा होतं.

प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी कुत्र्यांचं नावही न काढता विचारा, "प्रभागातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?" पाणी, खड्डे, कचरा यांच्या रांगेत लोक आपणहून कुत्री म्हणाले, तर तोच खरा राजकीय आकडा. "प्राण्यांवर दया करावी का?" याला सगळेच हो म्हणतात आणि त्या होकारावर कुणी मत देत नाही. त्यानंतर नसबंदी-लसीकरण वाढवावं, आहे तसं चालू द्यावं की कुत्री हलवावीत, हे तीन पर्याय द्या. दर घरी त्यांचा क्रम बदला.

मग कुत्री मोजा. पहाटे सहाला, सलग दोन दिवस, एकाच वाटेने. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराचा छेद असतो; कान मागे पाडलेला असेल तर तो दिसत नाही, म्हणून कुत्रं उठेपर्यंत थांबा. 40 पैकी 14 कान छेदलेले म्हणजे 35 टक्के. गाठायचे असतात निदान 70. शस्त्रक्रियांची संख्या, प्रति कुत्रा दिलेली रक्कम आणि नसबंदीच्या कामावरच्या देखरेख समितीच्या बैठकींचं इतिवृत्त महापालिकेकडे माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, त्यामुळे आचारसंहितेची वाट पाहू नका.

"सगळी कुत्री उचलून नेऊ" असं आश्वासन कुणाकडूनही घेऊ नका. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदीनंतर कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांसारख्या आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा आदेश वेगळा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

एका पानावर आकडे आणि एकच मागणी लिहा: वर्षाला किती शस्त्रक्रिया, कोणत्या महिन्यापर्यंत. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी द्या, नाहीतर तुमच्यावर पक्षाचा शिक्का बसतो. सही आणि तारीख घ्या. सहा महिन्यांनी त्याच वाटेने पुन्हा कान मोजा आणि तो आकडा निवडून आलेल्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या आधी नेऊन द्या.