सिम्युलेशनसाठी मॉडेल पाठवताना कोणती फाइल द्यावी आणि काय तपासावे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचे आरेखन एका कार्यालयात होते आणि तिच्या मजबुतीचे विश्लेषण दुसऱ्याच ठिकाणी, वेगळ्या सॉफ्टवेअरवर होते, हे नेहमीचेच आहे. अशा वेळी फाइल उघडली एवढ्यावर समाधान मानू नये; आत काय पोहोचले, हे पाहावे.

प्रथम, पाठवायचे काय ते ठरवावे. केवळ आकार पाठवायचा असल्यास स्टेप, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या प्रमाणित प्रकारातली, फाइल द्यावी. आयएसओ १०३०३ या नावाने हे मानक १९९४ पासून प्रसिद्ध होत आले असून, त्यात घन आकार गणिती रूपात आणि एककांसह जातो. आयजेस हे त्याच कामाचे त्याहून जुने मानक; त्यात पृष्ठभाग अनेकदा सुटे येतात आणि कडांवरच्या फटी बुजवण्यात दिवस जातो, म्हणून दुसरा मार्ग नसेल तरच ते वापरावे. आकार सपाट त्रिकोणांच्या तुकड्यांनी दाखवणारी एसटीएल फाइल मात्र विश्लेषणासाठी देऊच नये. माझ्याकडे एकदा टाकीचे मॉडेल एसटीएलमध्ये आले होते. व्हॉल्व्हचे गोल भोक त्यात बहुकोनी झाले होते आणि प्रत्येक कोपऱ्यावर खोटा ताण दिसत होता.

मेश (विश्लेषणासाठी आकाराचे पाडलेले लहान तुकड्यांचे जाळे), भार आणि आधार हेही पाठवायचे असतील, तर नेहमीची स्टेप फाइल पुरत नाही; सॉल्व्हरची, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरची, इनपुट फाइलच द्यावी लागते. नास्ट्रान या सॉल्व्हरच्या लहान रकान्यांच्या मांडणीत प्रत्येक रकाना आठ अक्षरांचा असतो. त्यामुळे नोटपॅडमध्ये एक रिकामी जागा चुकून वाढली, तरी आकडा शेजारच्या रकान्यात सरकू शकतो. तेथे ‘७.८५-९’ असे दिसल्यास ती वजाबाकी समजू नये. त्यातला ‘-९’ हा दहाचा उणे नववा घात आहे, म्हणजे आकडा ७.८५ × १०⁻⁹ आहे.

यानंतर एकके, आणि येथे घाई अजिबात करू नये. नास्ट्रान किंवा अबाकससारखा सॉल्व्हर एकके विचारत नाही, आकडे जसेच्या तसे घेतो. मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल वापरत असल्यास पोलादाची घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे वरच्याच ‘७.८५-९’ या आकड्यात, द्यावी लागते. तेथे सवयीने ७८५० (किलो प्रति घन मीटरमधला आकडा) लिहिल्यास वस्तुमान एक लाख कोटी पट होते. टाकीवर केवळ दाब लावून स्थिर विश्लेषण केले तर घनता वापरलीच जात नाही, म्हणून ही चूक लपून राहते आणि स्वतःचे वजन किंवा कंपने मोजताना उघड होते.

शेवटी, मूळ मॉडेलची लांबी-रुंदी-उंची, घनफळ, वस्तुमान आणि वापरलेली एकके फाइलसोबत लिहून पाठवावीत आणि घेणाऱ्याने आपल्याकडील आकडे त्यांच्याशी ताडून पाहावेत. १००० × ५०० × १२ मिलिमीटरची पोलादी प्लेट ४७.१ किलो भरली पाहिजे. घनफळ सुमारे १६,३८७ पट निघाले, तर मिलिमीटरचे आकडे इंच म्हणून वाचले गेले आहेत; तेव्हा मेश करण्याआधीच फाइल परत मागवावी.