मोबाइलवर गोपनीय बोलणी करताय? या चुका टाळा

पर्वरीच्या हायकोर्टात उभा राहणारा वकील असो, जमिनीचे व्यवहार बघणारा म्हापशातला सीए असो की सोर्स सांभाळणारा पणजीतला पत्रकार; दुसऱ्याचं गुपित ज्याच्या फोनमध्ये आहे, त्याने मोबाइल कंपनीचं जाळं परकं आहे असंच धरून चालावं. साधा कॉल हवेतून टॉवरपर्यंत झाकलेला जातो, पुढे कंपनीच्या यंत्रणेत तो उघडा होतो. एसएमएसचंही तेच. त्यात कंपन्यांना एकमेकींशी जोडणारी एसएस७ ही जुनी पद्धत समोरून आलेली विनंती खरी की खोटी हे मुळात तपासत नाही. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने बँकेचे ओटीपी वळवून लोकांची खाती रिकामी केली गेली.

म्हणून सिग्नल किंवा व्हॉट्सॲप ही ॲप वापरायची, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यांत मजकूर असा झाकून जातो, की तो फक्त दोन टोकांच्या फोनवरच वाचता येतो; यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. घोळ होतो तो त्याच्या आजूबाजूला.

मेसेज उशिरा येतो म्हणून एसएमएसवर उतरणं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सिग्नलचे मेसेज ॲप उघडल्यावरच धडाधड येत असतील, तर दोष बहुधा नेटवर्कचा नसतो. बॅटरी वाचवायला फोनच ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, शाओमीसारख्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करा. आयफोनवर आयमेसेज न गेल्यास तो साध्या मेसेजच्या रूपात पाठवण्याची सोय बंद ठेवा. नाहीतर नेट गेलं की मजकूर गुपचूप उघड्या वाटेने निघून जातो.

टूजी चालू ठेवणं. टूजीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून फोन ओढून घेता येतो. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनवर सिमच्या सेटिंगमध्ये ‘अलाऊ टूजी’ हे बटण आहे, ते बंद करा. आयफोनवर लॉकडाउन मोड हे काम करतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात रेंजच्या कांड्यांपाशी ‘ई’ अक्षर (टूजीची खूण) दिसणाऱ्यांचा फोन मग तिथे लागणार नाही, एवढी गैरसोय धरून चला. इमर्जन्सी कॉलला मात्र टूजी मिळतंच. जिओला टूजी नाहीच, पण ड्युअल सिम असेल तर दुसरं सिम विसरू नका.

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडं सोडणं. फॉर्म १ आणि १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) ची प्रिंट हवी असते, मागे रांग असते, दुकानदार म्हणतो ‘स्कॅन करा’. प्रिंट घेऊन माणूस निघतो आणि त्या कॉम्प्युटरवर त्याच्या सगळ्या चॅट चालूच राहतात. एन्क्रिप्शन इथे काहीच वाचवत नाही, कारण तो कॉम्प्युटर आता रीतसर तुमचाच झालेला असतो. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जा, जोडलेली उपकरणं आणि ती शेवटची कधी वापरली गेली ते दिसतं. ओळखीचं नसेल ते तिथूनच लॉग आउट करा. सिग्नलमध्येही ही यादी आहे. प्रिंटची फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, आणि त्या ड्राइव्हवर दुसरं काहीही नसावं.

बॅकअपकडे दुर्लक्ष. गूगल ड्राइव्हवर जाणारा व्हॉट्सॲप बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होतोच असं नाही. २०२१ पासून ही सोय आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते: पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची किल्ली. समोरच्याचा बॅकअप उघडा असेल तर तुमची बाजूही तिथे उघडीच पडलेली असते, त्यालाही सांगा.

सुरक्षा कोड बदलल्याची सूचना सरकवून टाकणं. हा कोड म्हणजे तुमच्या दोघांच्या चॅटची ओळखखूण. बहुतेक वेळा समोरच्याने नवा फोन घेतलेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण त्याचा नंबर कोणी पळवला, तरी अगदी हीच सूचना येते. व्हॉट्सॲपमध्ये ती आधी अकाउंटच्या ‘सिक्युरिटी नोटिफिकेशन्स’मध्ये चालू करावी लागते. कोड ६० आकड्यांचा, पाच-पाचच्या १२ गटांत असतो. भेटून क्यूआर स्कॅन करणं उत्तम. लांब असाल तर कॉलवर आवाज ओळखून आकडे ताडा. त्याच चॅटमध्ये ‘तूच ना रे?’ विचारून काही कळत नाही.

नंबरलाच कुलूप समजणं. व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन आणि सिग्नलचा रजिस्ट्रेशन लॉक आजच लावा, म्हणजे ओटीपी पळवूनही खातं मिळत नाही. ‘कुरिअर आलंय, *४०१* पुढे हा नंबर दाबा’ असं कोणी सांगितलं तर ते कॉल फॉरवर्डिंग आहे. ओटीपीचा कॉल मग दुसऱ्याला जातो. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने असे कोड बंद करायला लावले, तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग एकदा बघाच. सिम पिनही लावा, म्हणजे चोराला तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये चालवता येत नाही. सिमवर आधीपासून असलेला पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाज करू नका: तीनदा चुकलं की पीयूके (सिम उघडण्याचा कंपनीचा कोड) लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद.

व्हीपीएनवर (इंटरनेटची ये-जा झाकून नेणारी सोय) फार विसंबू नका. साधा कॉल आणि एसएमएस त्यातून जातच नाहीत. सॅटेलाइट फोनचा विचारही नको, परवान्याशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे.

चांगल्या रेंजमध्ये असताना सिग्नलच्या कांड्या अचानक गेल्या आणि फोन बंद-चालू करूनही परतल्या नाहीत, तर थांबू नका. तुमच्या नावावर दुसरं सिम निघालेलं असू शकतं. दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला सांगून नंबर बंद करा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ज्यांच्याशी गोपनीय बोलणं चालू आहे त्यांनाही सांगा, की या नंबरवरून आता येईल ते तुमचं नाही.