सोंगणीत विळा लागला तर: त्वचा कशी सांधते आणि आपण काय करावे

सोयाबीनच्या सोंगणीत बोटाला किंवा नडगीला विळा लागला, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलू नये. त्या वेळात रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका, उघड्या पडलेल्या कोलॅजेनला (त्वचेला मजबुती देणाऱ्या धागेदार प्रथिनाला) चिकटत असतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी विणली जात असते. घडी उचलली की ती कोवळी जाळी फाटते.

त्यानंतर तांब्याने पिण्याच्या पाण्याची धार धरून मातीचा कणही राहणार नाही अशी जखम धुवावी. तंबाखू, चुना, राख, शेण यांपैकी काहीही तिच्यात भरू नये. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू माती-शेणात असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते रुजतात. हळदीबद्दल आपल्याला कितीही आपुलकी असली, तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल किंवा ती कधी घेतली हे आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जखमेच्या कडा फाकत असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तरीही तसेच करावे, कारण स्नायुबंध किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा समज मात्र आग्रहाने सोडायला हवा. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचा घडवणाऱ्या पेशी, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालच्या पडद्याला धरून असतात; जखम होताच काठावरच्या पेशी ही पकड सोडून आतल्या बाजूला सरकू लागतात. वर कोरडी खपली असेल, तर त्यांना तिच्याखालून, विकरांनी (विघटन घडवणाऱ्या प्रथिनांनी) कोलॅजेन कापत, वाट काढावी लागते. दमट पृष्ठभागावर त्या सहज पुढे जातात. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवले की झाकलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने भरते. म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन वर निर्जंतुक गॉज बांधावा आणि तो रोज, तसेच भिजला किंवा मळला की लगेच, बदलावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील थोडी लाली आणि सूज हे पांढऱ्या पेशींचे काम आहे. लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप भरला, तर थांबू नये. मधुमेह असलेल्यांनी, तसेच आपल्या विदर्भात अनेक घरांत असलेल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनी, घोट्याजवळची लहान जखमही लगेच दाखवावी, कारण तिथले व्रण फार चिवट ठरतात.

पुढे फायब्रोब्लास्ट पेशी आधी तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन घालतात आणि काही महिन्यांत त्याच्या जागी मजबूत पहिला प्रकार येतो. कोलॅजेनचे धागे घट्ट होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, तेव्हा आवळा आणि पेरू अवश्य खावेत. टाके निघतात तेव्हा नव्या त्वचेची ताकद मूळच्या तुलनेत अगदी थोडी असते आणि तीन महिन्यांनीही ती सुमारे 80 टक्क्यांपर्यंतच पोहोचते. म्हणून टाके निघाल्यावरही काही आठवडे जड पोती उचलू नयेत, आणि कापूस वेचायला जाताना बोंडांची वाळलेली टोके टोचू नयेत म्हणून त्या बोटावर सुती पट्टी बांधावी.