ती व्हीलचेअरवर आहे आणि दिवस गेलेत: काय काय तयार ठेवायचं

पहिलं काम दवाखान्यात फोन करण्याचं. तपासणीचं टेबल खाली-वर होतं का, खुर्चीसकट वजन होईल असा काटा आहे का, शौचालयाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे नाव नोंदवण्याआधीच विचारा. "बघू, उचलून घेऊ" असं उत्तर आलं तर मी दुसरा दवाखाना शोधेन. आठव्या महिन्यात असं उचलणं धोक्याचं, आणि तिला नकोसंही.

चालू औषधं लगेच डॉक्टरांना दाखवा, पण मनाने एकही गोळी बंद करू नका. स्नायूंच्या ताठरपणासाठीचं बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पाठीत रॉड किंवा स्क्रू असतील तर जुने एक्स-रे शोधून भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. कळा सुरू झाल्यावर कपाट कोण उपसणार?

तिच्या मज्जारज्जूला इजा झालेली असेल आणि ती छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया. म्हणजे बीपी एकाएकी धोकादायक चढण्याचा झटका. त्यात डोकं अचानक ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, बीपी झपाट्याने चढतं. तिला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीसाठीच्या कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना बघा आणि तडक दवाखाना गाठा. शेजारी तिचं नेहमीचं बीपीही लिहा. एरवी ९०/६० असणाऱ्या बाईचं १२०/८० म्हणजे चढलेलंच, पण नवख्या नर्सला ते अगदी छान वाटतं.

इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असेल तर कळा जाणवतीलच असं नाही. पोटावर तळहात ठेवून ते दगडासारखं घट्ट होतंय का, हे ओळखायला दोघांनीही नर्सकडून शिकून घ्या. पायांचे झटके वाढले किंवा श्वास अडल्यासारखा झाला, तरी वाट बघू नका.

वजन वाढतं तशी खुर्ची कमरेला दाटते, बसायची गादी दबते. रोज रात्री आरसा धरून माकडहाडाजवळची कातडी बघा. दाबूनही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार नको. लघवीला वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. एका पायाला सूज आली तरी तेच.

पलंगावरून खुर्चीत जाण्याची तिची पद्धत पोट वाढलं की बदलते. सातव्या महिन्यातच नवी पद्धत करून बघा, कुठे धरायचं ते तीच सांगेल. बाळाचा पलंग मात्र तिचे गुडघे खाली जातील आणि एक बाजू दारासारखी उघडेल असाच घ्या. टेप घेऊन जा.