सनमायक्यावर रंग बसतो, पण प्रायमर महत्त्वाचा

खारघरच्या फ्लॅटमधलं किचन आधीच्या मालकाने केलेलं, शटर सगळी चॉकलेटी सनमायक्याची, आतला प्लाय ठणठणीत मग नवीन ट्रॉल्यांचा खर्च कशाला म्हणून रंगवायचं ठरवलं. आमचे पेंटर काका म्हणाले, "ताई, पोपडे निघणार बघा." बरोबरच आहे, सनमायका गुळगुळीत, काही शोषत नाही, नुसता ऑइलपेंट मारला तर नखाने सुटतो.

खरं काम रंगाच्या आधीचंच. गॅसजवळच्या शटरवर फोडणीचा तो पिवळट चिकट थर असतो ना, तो भांड्यांच्या लिक्विडने गरम पाण्यात दोनदा पुसून काढला, कारण तेलावर पॉलिश पेपर घासला की तेलच पसरतं. मग २२० नंबरचा पेपर, फक्त चकाकी मरेपर्यंत, जास्त घासलं तर खालचा तपकिरी कागद दिसायला लागतो. सिंकखाली कड सुटलेली ती आधी चिकटवली. प्रायमर मात्र लॅमिनेटला, म्हणजे सनमायक्यासारख्या पत्र्याला, धरणाराच मागायचा, भिंतीचा किंवा साधा लाकडाचा नाही. एका शटरच्या मागे मारून, वाळल्यावर टेप चिकटवून खेचली, काही निघालं नाही तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, फोमच्या रोलरने, पातळ दोन हात. पावसाळ्यात करू नका, इथल्या दमट हवेत नीट वाळत नाही. हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडे जातात, तोवर घासणी लांब ठेवा. ओट्याला हात लावला नाही, गरम कढई आणि सुरीपुढे रंग टिकत नाही.